चॅप्लेन मॅक्केब: लिबी तुरुंग ते बिशपपद – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाबद्दल (१८६१-६५) वाचताना किंवा मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या मिशनचा इतिहास चाळताना चार्ल्स कार्डवेल मॅक्केब हे नाव कधी ना कधी समोर येतं. कुठे ते कैदी म्हणून दिसतात, कुठे गायक म्हणून, तर कुठे वर्गणी गोळा करणारे म्हणून. बिशप म्हणून त्यांचा उल्लेख सहसा शेवटी येतो. माझ्या मते हा क्रम बरोबरच आहे. का, ते पुढच्या उत्तरांतून कळेल.

चार्ल्स मॅक्केब कोण होते, थोडक्यात सांगाल?

अमेरिकेतल्या मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे पाळक, यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातले चॅप्लेन, म्हणजे सैन्यासोबत असणारे धर्मोपदेशक, आणि १८९६ पासून बिशप. जन्म ११ ऑक्टोबर १८३६, ओहायो राज्यातल्या अथेन्स गावी. मृत्यू १९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्कमध्ये. चॅप्लेनची नोकरी त्यांनी जेमतेम सव्वा वर्ष केली. त्यातले चार महिने शत्रूच्या तुरुंगात गेले. तरी ‘चॅप्लेन मॅक्केब’ हे नाव त्यांना जन्मभर चिकटलं. बिशप झाल्यावरही लोक त्यांना चॅप्लेनच म्हणत, आणि त्यांनाही ते आवडत असे.

घरची पार्श्वभूमी आणि शिक्षण?

घराणं पिढीजात मेथडिस्ट. काका लोरेन्झो डाऊ मॅक्केब ओहायो वेस्लियन विद्यापीठात प्राध्यापक होते. ‘देवाला भविष्य आधीच ठाऊक असतं का’ या प्रश्नावर त्यांनी रूढ मताविरुद्ध लिहिलं. त्या काळात हे धाडसाचंच काम होतं. पुतण्या त्याच विद्यापीठात शिकायला गेला, पण तब्येतीने दगा दिल्यामुळे शिक्षण अर्धवट राहिलं. मग आयर्नटन गावी काही काळ शिक्षकी केली. तिथल्याच रेबेका पीटर्स यांच्याशी १८६० मध्ये लग्न झालं आणि त्याच वर्षी ओहायो कॉन्फरन्समध्ये (कॉन्फरन्स म्हणजे एका प्रांतातल्या मेथडिस्ट पाळकांची संघटना आणि तिची सभा) पाळक म्हणून नेमणूक मिळाली. काकांसारखा तत्त्वचिंतनाचा पिंड पुतण्याचा नव्हता. त्यांच्याकडे होता तो आवाज, आणि माणसं जोडण्याची हातोटी.

यादवी युद्धात चॅप्लेनचं काम काय असे? तो लढत असे का?

लढणं हे त्याचं काम नव्हतं. रविवारची उपासना, आजाऱ्यांची भेट, मरणाऱ्याजवळ बसणं, मेलेल्याला पुरणं ही कामं तर होतीच. पण ज्याला लिहिता येत नाही त्याचं घरचं पत्र लिहिणं, शिपायांचा पगार गावाकडे सुखरूप पोचवणं, टपाल वाटणं, पुस्तकं-वर्तमानपत्रं मिळवणं हेही त्याच्याच गळ्यात पडे. बऱ्याच रेजिमेंटमध्ये चॅप्लेनची किंमत प्रवचनावरून कमी आणि टपालावरून जास्त ठरत असे.

प्रत्येक रेजिमेंटला एक चॅप्लेन, आणि त्याची निवड त्या रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांनीच करायची, अशी पद्धत होती. सुरुवातीला तो ख्रिस्ती धर्मोपदेशकच असला पाहिजे अशी अट होती. ज्यू समाजाने त्यावर आवाज उठवला, आणि जुलै १८६२ च्या कायद्याने रब्बींनाही दार उघडलं. त्याच कायद्याने पगार ठरला दरमहा १०० डॉलर आणि वर रोजचे दोन शिधे. साध्या शिपायाला तेव्हा १३ डॉलर मिळत, त्यामुळे चॅप्लेनबद्दल कुरकुर करणारेही कमी नव्हते.

भारतीय लष्करातही धर्मशिक्षकाचं पद आहे. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू यांची नायब सुभेदाराच्या हुद्द्यावर भरती होते. फरक असा की आपल्याकडे हा धर्मशिक्षक कनिष्ठ आयुक्त अधिकारी असतो, तर मॅक्केब यांच्या काळातला चॅप्लेन ना धड अधिकारी, ना धड शिपाई असा मधेच लटकलेला असे.

मॅक्केब सैन्यात कसे गेले आणि पकडले कसे गेले?

१८६२ च्या शरद ऋतूत ओहायोतल्या झेन्सव्हिलमध्ये १२२ वी ओहायो पायदळ रेजिमेंट उभी राहिली. पलीकडच्याच पुटनम भागात मॅक्केब पाळक होते. भरतीच्या सभांत ते गात, बोलत आणि पोरांना उभं करत. मग स्वतः मागे राहणं शक्यच नव्हतं. ऑक्टोबरमध्ये ते या रेजिमेंटचे चॅप्लेन झाले.

जून १८६३ मध्ये दक्षिणेचे जनरल ली यांचं सैन्य उत्तरेकडे निघालं. वाटेत व्हर्जिनियातल्या विंचेस्टरला जनरल मिलरॉय यांची उत्तरेची शिबंदी होती. १३ ते १५ जूनच्या लढाईत ती शिबंदी उधळली गेली. सेनापती निसटले, पण सुमारे चार हजार लोक पकडले गेले. मॅक्केब पळू शकले असते, पण जखमींजवळ राहिलेल्या डॉक्टरांबरोबर तेही थांबले आणि कैद झाले. पुढे ते आपल्या व्याख्यानात सांगत की पकडणाऱ्या सेनानीने त्यांना ऐकवलं: हे युद्ध पेटवलं तुम्हा पाद्र्यांनीच, कधीपासून ‘चलो रिचमंड’ म्हणून ओरडताय ना, मग चला आता रिचमंडला. रिचमंड ही दक्षिणेची राजधानी. टोमणा असा नेमका होता की श्रोते हसत, आणि मॅक्केब यांनाही ते हवंच असे.

पण चॅप्लेनला युद्धकैदी करता येत होतं का?

कागदावर नाही. १८६२ च्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी तत्त्व मान्य केलं होतं की चॅप्लेनला कैदेत ठेवायचं नाही. त्याच जुलैत कैद्यांच्या अदलाबदलीचा डिक्स-हिल करारही झाला. पण मॅक्केब सापडले ते नेमके ही यंत्रणा मोडकळीला आली तेव्हा. उत्तरेने काळ्या शिपायांची भरती सुरू केली होती, आणि त्यांना युद्धकैदी मानायला दक्षिण तयार नव्हती. त्यावरून अदलाबदल अडली आणि तुरुंग भरत गेले. त्या कोंडीत डॉक्टर आणि चॅप्लेनही अडकले. मॅक्केब सुटले ते ऑक्टोबर १८६३ मध्ये.

लिबी तुरुंग कसा होता?

तुरुंग म्हणून तो बांधलाच नव्हता. रिचमंडमध्ये जेम्स नदीच्या काठी विटांची मोठी वखार होती. तिथे लिबी नावाचा व्यापारी जहाजांना लागणारं सामान विकत असे. १८६२ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, पण पाटीवरचं नाव तसंच राहिलं. इथे ठेवत ते अधिकाऱ्यांना. लांबलचक ओस दालनं, झोपायला उघडी फरशी, खिडक्यांना गज, पण काच नाही. ऐन भरात हजाराहून जास्त माणसं त्यात कोंबलेली होती. उवा, अपुरं अन्न, ताप हे रोजचंच. मॅक्केब यांना तिथे विषमज्वर झाला आणि ते अगदी मरणाच्या दारातून परत आले.

ती इमारत आज रिचमंडमध्ये नाही. १८८९ मध्ये शिकागोच्या काही धनिकांनी ती वीट-वीट सुटी करून रेल्वेने नेली, तिथे पुन्हा उभी केली आणि युद्धाचं संग्रहालय म्हणून तिकीट लावून दाखवली. दहाएक वर्षांत तेही बंद पडलं.

त्या तुरुंगात गायलेल्या गाण्याची गोष्ट काय आहे?

मॅक्केब यांच्या आयुष्यातला हाच प्रसंग सगळ्यात जास्त सांगितला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जुलै १८६३ चा पहिला आठवडा. गेटिसबर्गला प्रचंड लढाई झाली एवढंच कैद्यांना माहीत होतं. पहारेकऱ्यांकडून आलेली बातमी अशी की उत्तरेचा धुव्वा उडाला आणि हजारो नवे कैदी रिचमंडच्या वाटेवर आहेत. त्या रात्री कुणी कुणाशी बोललं नाही. सकाळी वर्तमानपत्रं विकायला एक काळा म्हातारा येत असे. त्याला सगळे बेन म्हणत. तो जिना चढून आला आणि पेपरात मोठी बातमी असल्याचं ओरडला. फरशीवर आडवी पडलेली माणसं ताडकन उठली. उत्तर जिंकली होती. ली मागे हटत होते.

क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. मग एकच आरडाओरडा, मिठ्या, रडणं. तेवढ्यात मॅक्केब यांनी ‘बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक’ सुरू केलं आणि धृपदाला शेकडो आवाज लागले. ज्युलिया वॉर्ड हाऊ यांनी १८६१ च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनमधल्या एका हॉटेलात ही कविता लिहिली आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये ती ‘अटलांटिक मंथली’ मासिकात छापून आली. मॅक्केब यांनी ती मासिकातूनच पाठ केली होती. चाल होती शिपायांच्या तोंडी असलेल्या ‘जॉन ब्राऊन्स बॉडी’ची. ती चाल त्याआधी मेथडिस्टांच्या उघड्या मैदानावरच्या मेळाव्यांत गायली जात होती. म्हणजे फिरून ती मेथडिस्टाच्याच गळ्यात आली.

प्रसंगाचे बारकावे आपल्याला मिळतात ते मुख्यतः मॅक्केब यांच्याच तोंडून, आणि ते पट्टीचे गोष्टीवेल्हाळ होते. तेवढा हात राखून वाचावं. पण लिबीच्या कैद्यांनी हे गीत गायलं याला हाऊ यांच्या आठवणींतही दुजोरा आहे.

लिंकन यांच्याशी त्यांचा संबंध कसा आला?

सुटकेनंतर प्रकृती इतकी ढासळलेली होती की जानेवारी १८६४ मध्ये त्यांनी चॅप्लेनपद सोडलं आणि ते ख्रिश्चन कमिशनच्या कामाला लागले. शिपायांसाठी औषधं, कपडे, पुस्तकं आणि स्वयंसेवक पुरवणारी ही संस्था वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या पुढाकाराने १८६१ मध्ये निघाली होती. २ फेब्रुवारी १८६४ रोजी तिचा वार्षिक मेळावा वॉशिंग्टनला प्रतिनिधिगृहाच्या सभागृहात झाला. राष्ट्राध्यक्ष लिंकन हजर होते. मॅक्केब यांनी लिबीची हकिकत सांगितली आणि मग तेच गीत गायलं. सभागृह उठून उभं राहिलं. गाणं पुन्हा म्हणावं अशी लिंकन यांनी इच्छा दाखवली आणि ते पुन्हा झालं. नंतर एका स्वागतसमारंभात लिंकन यांनी गाणं आणि गाणारा या दोन्हींची तोंडभरून तारीफ केल्याचं मॅक्केब यांनी बायकोला पत्रात कळवलं.

हे गीत उत्तरेच्या घराघरांत पोचलं त्यात या एका संध्याकाळचा वाटा मोठा आहे.

लिबीवरच्या त्यांच्या व्याख्यानात काय होतं? लोक ते इतकी वर्षं का ऐकत राहिले?

व्याख्यानाचं नाव होतं ‘लिबी तुरुंगातल्या आयुष्याची उजळ बाजू’. युद्ध संपल्यावर पुढची चाळीस वर्षं, थेट मरणाच्या आठवड्यापर्यंत, ते हे व्याख्यान देत राहिले. तिकिटाचा पैसा कुठल्या तरी चर्चच्या कर्जफेडीला जाई.

रचना आपल्याकडच्या कीर्तनासारखी होती. एक कथासूत्र, मधे मधे पद, विनोद, मग अचानक डोळ्यांत पाणी, आणि शेवटी झोळी. कैद्यांनी आपापसांत भाषांचे वर्ग कसे चालवले, एकमेकांना व्याख्यानं कशी दिली, बुद्धिबळ कसं रंगे, पहारेकऱ्यांची चेष्टा कशी केली, हे ते रंगवून सांगत.

पण तुरुंगाची ‘उजळ बाजू’ सांगणं खोटेपणाचं नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. लिबीत अधिकारी होते. शिकलेले, घरून खाऊचे डबे मागवू शकणारे, स्वतःचा दिवस आखू शकणारे. साधे शिपाई तिथून हाकेच्या अंतरावर, नदीतल्या बेल आयल नावाच्या बेटावर, तंबूत आणि बऱ्याचदा तंबूशिवायही, थंडीवाऱ्यात पडून होते. फेब्रुवारी १८६४ पासून जॉर्जियात अँडरसनव्हिलचा तळ सुरू झाला. तिथे गेलेल्या सुमारे ४५ हजार कैद्यांपैकी जवळजवळ १३ हजार मेले. त्यांना कसली उजळ बाजू दिसणार?

मॅक्केब खोटं बोलत नव्हते, पण त्यांची जागा तुलनेने बरी होती. व्याख्यान ऐकून घरी जाणाऱ्याच्या मनात युद्धतुरुंग म्हणजे गाणी आणि वर्ग असं चित्र उरत असेल, तर ते अपुरं होतं. दुसरी बाजूही पाहायला हवी: युद्धानंतर तुरुंगांच्या आठवणींवर सूडाचं राजकारण दणक्यात चाललं होतं, आणि या माणसाने, स्वतः तापाने मरता मरता वाचलेला असूनही, द्वेष विकला नाही.

लिबीतून सुरुंग खणून पळालेल्या कैद्यांत ते होते का?

नाही. ती प्रसिद्ध सुटका ९ फेब्रुवारी १८६४ च्या रात्रीची. १०९ अधिकारी पळाले, त्यांतले ५९ आपल्या सैन्यापर्यंत पोचले, ४८ पुन्हा सापडले आणि दोघे बुडाले. त्याच्या बरोबर आठवडाभर आधी मॅक्केब वॉशिंग्टनमध्ये लिंकन यांच्यासमोर गात होते.

युद्धानंतर त्यांनी काय केलं?

ओहायोत थोडा काळ पाळकी, मग आपल्याच जुन्या विद्यापीठासाठी निधी जमवणं. १८६८ मध्ये ते नवी चर्च बांधायला मदत करणाऱ्या चर्च एक्स्टेन्शन सोसायटीत गेले आणि सोळा वर्षं तिथेच राहिले. त्यांचं खरं आयुष्यकार्य हेच, असं मला वाटतं.

रेल्वे पश्चिमेकडे सरकत होती. रुळाच्या कडेला महिन्याभरात गाव उभं राही: दारूचं दुकान आधी, मग दुकानदार, मग घरं. मेथडिस्ट पाळक घोड्यावरून तिथे पोचे, पण सभा भरवायची कुठे? कधी शाळेत, कधी कुणाच्या धान्याच्या कोठारात. मंडळी वीस-पंचवीस जणांची, सगळे नवे शेतकरी, हाती रोकड नाही. बँक त्यांना दारात उभं करणार नाही.

इथे सोसायटीचा कर्जनिधी कामाला येई. मुद्दल खर्चायचं नाही, फक्त फिरवायचं. एका मंडळीला चर्च बांधायला थोडं कर्ज द्यायचं, ते हप्त्याने परत आलं की तेच पैसे पुढच्या गावाला. देणगीदाराला मॅक्केब पटवत असत ते असं: तुमचा पैसा एकदाच खर्च होणार नाही, तो पुन्हा पुन्हा चर्च बांधत राहील. व्यापाऱ्याला ही भाषा कळते. शिवाय थोडी मदत बाहेरून आली की गावकरी स्वतःचं लाकूड आणि श्रम आपसूक घालतात, हेही त्यांनी हेरलं होतं.

या सोळा वर्षांत ते बहुधा रेल्वेच्या डब्यातच राहत होते असं म्हटलं तरी चालेल. मधल्या काळात त्यांनी ‘विनोड हिम्स’ नावाचा गीतसंग्रह संपादित केला, तोही खूप खपला.

नास्तिक वक्ते इंगरसॉल यांना पाठवलेली तार खरी आहे का?

खरी आहे, आणि मजेशीरही. रॉबर्ट इंगरसॉल हे त्या काळातले सर्वांत नावाजलेले धर्मचिकित्सक वक्ते. देशभर चर्च मरत चालली आहेत, अशा अर्थाचं त्यांचं भाषण मॅक्केब यांनी रेल्वेत वर्तमानपत्रात वाचलं. पुढच्या स्टेशनवर उतरून त्यांनी तार ठोकली: आम्ही वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एकाहून जास्त मेथडिस्ट चर्च बांधतोय, आणि आता रोज दोन बांधायचा बेत आहे! ‘रोज दोन’ हे घोषवाक्यच झालं. त्यावर गाणं निघालं आणि सभासभांतून गाजलं.

मॅक्केब एवढ्यावर थांबले नाहीत. ‘इंगरसॉलव्हिल’ नावाची एक स्वप्नकथा त्यांनी रचली. त्यात सगळ्या नास्तिकांना भिंतीआड एका शहरात वसवलं जातं, आणि थोड्याच महिन्यांत ते स्वतःच पाद्री मागू लागतात. विनोद म्हणून ठीक, पण युक्तिवाद म्हणून लंगडा. इंगरसॉल चर्चची संख्या मोजत नव्हते, चर्चच्या विचाराला आव्हान देत होते. इमारती वाढल्या म्हणून ते आव्हान खोडून निघत नाही. पण श्रोत्यांना टाळी हवी होती, आणि ती मॅक्केब यांनी घेतली.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. इंगरसॉलसुद्धा उत्तरेच्याच सैन्यातले, ११ व्या इलिनॉय घोडदळाचे कर्नल. डिसेंबर १८६२ मध्ये टेनेसीत तेही शत्रूच्या हाती सापडले होते आणि पॅरोलवर, म्हणजे अदलाबदल होईपर्यंत न लढण्याच्या वचनावर, सुटले.

मिशनरी सोसायटीत त्यांनी काय केलं? त्याचा भारताशी संबंध आहे का?

१८८४ मध्ये ते चर्चच्या मिशनरी सोसायटीचे चिटणीस झाले. लगेच घोषणा: ‘मिशनसाठी दहा लाख!’ म्हणजे वर्षाला दहा लाख डॉलर, आणि तेही मृत्युपत्रांतल्या रकमा न धरता, निव्वळ मंडळ्यांच्या वर्गणीतून. जाणत्या लोकांनी डोकं हलवलं, कारण तेव्हाची जमा त्याच्या बरीच खाली होती. पण वर्गणी चढत गेली.

भारताशी संबंध इथेच येतो. मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचं भारतातलं काम विल्यम बटलर यांनी १८५६ मध्ये बरेलीत सुरू केलं होतं. मुंबईत ते आलं १८७१ मध्ये विल्यम टेलर यांच्यासोबत. टेलर आधी कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणकामगारांत रस्त्यावर उभं राहून प्रवचनं करणारे. मुंबईत त्यांना जॉर्ज बोवेन येऊन मिळाले. बोवेन १८४८ पासून इथेच होते, मिशनचा पगार नाकारून गरिबांत राहत आणि ‘बॉम्बे गार्डियन’ चालवत. मुंबईतलं बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. १८८८ मध्ये जेम्स थोबर्न भारतासाठी मिशनरी बिशप निवडले गेले. म्हणजे इथलं काम झपाट्याने वाढत होतं तीच वर्षं मॅक्केब न्यूयॉर्कमध्ये तिजोरी सांभाळत होते. गंमत अशी की टेलर यांचा आग्रह नेमका उलटा होता: मिशनने स्थानिक लोकांच्या पैशावरच उभं राहावं, न्यूयॉर्ककडे हात पसरू नये.

मेथडिस्ट बिशप म्हणजे कॅथलिक बिशपसारखाच का?

नाही. वसईचा किंवा मुंबईचा कॅथलिक बिशप रोमहून नेमला जातो. मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमध्ये बिशप निवडून येई. दर चार वर्षांनी जनरल कॉन्फरन्स, म्हणजे साऱ्या चर्चची सर्वोच्च सभा, भरे, प्रतिनिधी गुप्त मतदान करत, पुरेशी मतं पडेपर्यंत फेऱ्यांवर फेऱ्या होत. बिशपला लग्नाची मनाई नाही. तत्त्वतः तो इतर पाळकांहून वरच्या दीक्षेचाही नसतो, फक्त पद वेगळं. मॅक्केब यांच्या काळी ते पद तहहयात होतं.

पण अधिकार? तो भरपूर. कुठला पाळक कुठल्या गावी जाणार हे बिशप ठरवी. वार्षिक कॉन्फरन्सचा शेवटचा दिवस डोळ्यांसमोर आणा: चर्च गच्च भरलंय, पाळकांच्या बायका मागच्या बाकांवर बसल्या आहेत, आणि बिशप एकेक गाव आणि एकेक नाव वाचतोय. वर्षभर कुठे राहायचं, मुलं कुठल्या शाळेत जाणार, हे त्या एका ओळीत कळे. अपील नाही. १८८८ पासून एका जागी जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येई. १९०० मध्ये ही मर्यादा उठवली गेली.

मग बिशप म्हणून मॅक्केब कसे होते?

१८९६ च्या मे महिन्यात क्लीव्हलंडच्या जनरल कॉन्फरन्सने त्यांना निवडलं. तेव्हा ते साठीला टेकले होते. मुक्काम आधी टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला, मग ओमाहाला आणि शेवटी फिलाडेल्फियाला. मेक्सिको, दक्षिण अमेरिका, युरोप इथल्या कॉन्फरन्सेसचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं.

खरं सांगायचं तर या दहा वर्षांत फार संस्मरणीय असं काही नाही. नियमांचे कागद, तक्रारी, नेमणुकांची ओढाताण हा त्यांचा प्रांत नव्हता. कुणाच्या तरी पदरी वाईट गाव घालावं लागणं हे सगळ्यांचा लाडका असण्याची सवय झालेल्या माणसाला जड जाणारच. अध्यक्षाच्या खुर्चीतूनसुद्धा ते मधेच एखादं गीत सुरू करत, आणि वाद घालणारी सभा गायला लागे. ही कामकाजाची पद्धत नव्हे, पण तिचा उपयोग होत असावा.

अमेरिकन युनिव्हर्सिटीशी त्यांचा काय संबंध?

वॉशिंग्टनच्या या विद्यापीठाचे ते दुसरे कुलपती. संस्थापक बिशप जॉन फ्लेचर हर्स्ट यांच्यानंतर १९०२ मध्ये ते पदावर आले आणि मृत्यूपर्यंत राहिले. पण त्यांच्या काळात तिथे एकही विद्यार्थी नव्हता! सनद १८९३ ची, मॅकिन्ली इमारतीची कोनशिला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०२ मध्ये बसवली, पण विद्यापीठ प्रत्यक्ष उघडलं १९१४ मध्ये. मधल्या काळात हवा होता पैसा, म्हणूनच मॅक्केब यांना बोलावलं होतं.

मृत्यू कसा झाला?

डिसेंबर १९०६ मध्ये कनेटिकटमध्ये व्याख्यान देऊन परतताना न्यूयॉर्कला पक्षाघाताचा झटका आला. आठवडाभरात, १९ तारखेला, ते गेले. वय ७०.

महाराष्ट्रातली आजची मेथडिस्ट मंडळी त्यांच्याच चर्चची का?

वंशावळ तीच. अमेरिकेत हे चर्च १८४४ मध्ये गुलामगिरीवरून फुटलं होतं. मॅक्केब यांचं ते उत्तरेकडचं. १९३९ मध्ये दोन्ही बाजू पुन्हा एक झाल्या आणि १९६८ पासून त्यांचं नाव युनायटेड मेथडिस्ट चर्च. भारतात १९७० मध्ये अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन होताना ब्रिटिश मेथडिस्ट त्यात गेले, पण अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. १९८१ मध्ये ते स्वायत्त ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ झाले. त्यांचे बिशप आजही निवडून येतात आणि पाळकांच्या बदल्यांची यादी कॉन्फरन्सच्या शेवटी वाचली जाते. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या मेथडिस्ट घरात वाढलेल्याला वरचं वर्णन परकं वाटणार नाही.

चॅप्लेन राहिलेले दुसरे मेथडिस्ट बिशप कोण?

दोन नावं सांगायलाच हवीत. गिल्बर्ट हेवन हे एप्रिल १८६१ मध्ये, युद्धाच्या पहिल्याच दिवसांत, ८ व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचे चॅप्लेन झाले आणि १८७२ मध्ये बिशप. कट्टर गुलामगिरीविरोधक. काळ्या-गोऱ्यांनी एकाच चर्चमध्ये बसावं, एवढंच नव्हे तर आपसांत लग्नंही करावीत असं ते उघड म्हणत, आणि त्यासाठी स्वतःच्याच चर्चमध्ये शिव्या खात.

दुसरे हेन्री मॅकनील टर्नर. जन्म १८३४, साउथ कॅरोलायना. १८६३ मध्ये ते काळ्या शिपायांच्या पहिल्या सरकारी रेजिमेंटचे चॅप्लेन झाले. काळ्या चॅप्लेनचा पगार हा त्या वर्षीचा मोठा वाद होता. ५४ व्या मॅसॅच्युसेट्सचे चॅप्लेन सॅम्युअल हॅरिसन यांना शंभराऐवजी मजुराचे दहा डॉलर देऊ केले गेले. अखेर १८६४ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅटर्नी जनरलनी त्यांना पूर्ण पगार मिळालाच पाहिजे असा अभिप्राय दिला. युद्धानंतर टर्नर जॉर्जियाच्या विधिमंडळावर निवडून आले, आणि १८६८ मध्ये बाकीच्या काळ्या सभासदांबरोबर कातडीच्या रंगावरून सभागृहाबाहेर काढले गेले. १८८० मध्ये ते काळ्या मेथडिस्टांच्या स्वतंत्र आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे बिशप झाले. उतारवयात काळ्या लोकांनी आफ्रिकेत परतावं असा प्रचार ते करत होते. अमेरिकेच्या भूमीवर मरायचं नाही असं ते म्हणत, आणि १९१५ मध्ये त्यांना मृत्यू आला तो सरहद्दीपलीकडे, कॅनडातल्या विंडसरमध्ये.